लॅसिक: ‘चष्मा कायमचा जाणार’ या दाव्यामागचं गणित

रील्स स्क्रोल करताना हल्ली ही जाहिरात हमखास येते. एक मुलगी हसत हसत चष्मा फेकून देते, ‘काही मिनिटांत चष्म्यापासून सुटका’ असं मोठ्या अक्षरांत येतं, खाली ईएमआय आणि फ्री चेकअपचं बटण. एकदा टॅप केलं की पुढचे पंधरा दिवस अल्गोरिदम तुमचा पिच्छा सोडत नाही. माझा नंबर मायनस साडेचार आहे आणि कोडिंगमुळे दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. म्हणजे या जाहिरातीचं गिऱ्हाईक मीच.

लॅसिक ही फसवणूक अजिबात नाही. गेली पंचवीसेक वर्षं जगभर होत असलेली ही शस्त्रक्रिया आहे आणि बहुतेकांना तिचा फायदा होतो. पण ती धडधाकट डोळ्यावर केली जाते आणि तिला ‘अनडू’ नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आपल्या डोळ्याची मोजमापं तिच्यात बसतात का, हे स्वतःला कळायला हवं. त्यातलं बरंचसं गणित आठवीच्या पातळीचं आहे.

लेझर नेमकं काय करतं?

नंबर मायनस असतो तेव्हा प्रकाश रेटिनावर फोकस न होता थोडा आधीच फोकस होतो. डोळ्याच्या सगळ्यात पुढचा पारदर्शक थर म्हणजे कॉर्निया. त्याचा मधला भाग थोडा सपाट केला की फोकस मागे सरकतो.

हे सपाट करण्याचं काम एक्सायमर लेझर करतो. त्याचा प्रकाश १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्या लक्षात आलं, की हा लेझर आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अगदी पातळ थर उडवतो. पहिला प्रयोग झाला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर! पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हे तंत्र कॉर्नियापर्यंत पोचलं.

लॅसिकमध्ये आधी कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. खालचा भाग लेझरनं कमी करतात आणि फ्लॅप परत बसवतात. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो, पण वरची त्वचा भरून येईपर्यंत काही दिवस दुखतं. स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतली चकती बाहेर काढतात. जाहिरातीत नाव कुठलंही असो, तिन्हींत कॉर्निया कायमचा पातळ होतो.

आता गणित

कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एक डायॉप्टर नंबर घालवायला किती मायक्रॉन लागतात याचं एक ढोबळ सूत्र आहे: लेझर मारायच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, तीननं भागा. साडेसहा मिलिमीटरला उत्तर येतं साधारण १४.

समजा जाडी ५३० आणि नंबर मायनस साडेचार. लेझरमध्ये ६३ मायक्रॉन जातील, फ्लॅप साधारण ११०चा. फ्लॅपच्या खाली उरले ३५७. फ्लॅप परत बसवला तरी डोळ्याला ताकद देण्याच्या कामी तो फारसा येत नाही, म्हणून त्याच्या खाली निदान २५० मायक्रॉन उरावेत असा जुना संकेत आहे. बरेच डॉक्टर ३०० धरतात. म्हणजे हा डोळा आरामात बसतो.

आता जाडी ४८० आणि नंबर मायनस ९ घ्या. लेझर १२६, फ्लॅप ११०, उरले २४४. या डोळ्याला लॅसिक नको. हट्टानं केलं तर डोळ्याच्या आतल्या दाबानं पातळ झालेला कॉर्निया हळूहळू पुढे फुगू शकतो. याला एक्टेशिया म्हणतात आणि त्यात नजर चष्म्यानंही नीट होत नाही. असा त्रास काही वेळा जाडी पुरेशी असूनही होतो, कारण कॉर्निया मुळातच कमकुवत असतो. केराटोकोनस हा आजार सुरुवातीला आरशात किंवा चष्म्याच्या दुकानात दिसत नाही. तो कॉर्नियाच्या टोपोग्राफीत, म्हणजे नकाशासारख्या स्कॅनमध्ये दिसतो. फ्री चेकअपमध्ये हा स्कॅन आहे का, हे आधी विचारा. आणि डोळे जोरजोरात चोळायची सवय असेल तर डॉक्टरांना ते नक्की सांगा, कारण केराटोकोनसशी तिचा संबंध आहे.

अमेरिकेतला वाद काय सांगतो?

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं एक मसुदा काढला. लॅसिकआधी पेशंटला काय काय सांगायला हवं याची ती यादी होती: डोळे कोरडे पडू शकतात, रात्री गाडी चालवायला त्रास होऊ शकतो, दुहेरी दिसू शकतं, दुखणं टिकू शकतं, नंतरही चष्मा लागू शकतो. यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, यात धोके ठळक आणि फायदे पुसट आहेत, लोक उगाच घाबरतील.

दोन्ही बाजूंना एकाच अभ्यासात आधार सापडतो. एफडीए, अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नॅशनल आय इन्स्टिट्यूट यांनी मिळून हा अभ्यास केला होता. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक नजरेबद्दल समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी दिव्याभोवती वलयं किंवा चकाकी असा काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी एखादा तरी नवा त्रास सांगितला. कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना ती सुरू झाली. मात्र या दिसण्याच्या त्रासामुळे रोजची कामं फार अवघड झाली असे लोक १ टक्क्याहून कमी. आणि आधी त्रास असलेल्या काहींचा त्रास कमीही झाला.

हे सगळे आकडे एकाच वेळी खरे आहेत. माणूस चष्मा गेला म्हणून खूश असू शकतो आणि रात्री हायवेवर समोरच्या हेडलाइटला फुललेलं बघून वैतागूही शकतो. जाहिरातीत फक्त पहिला आकडा येतो. तुम्ही रात्रपाळीत गाडी चालवत असाल किंवा आत्ताच डोळ्यांत ड्रॉप्स टाकत असाल, तर तुमच्यासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा.

भरतीच्या तयारीत असाल तर

हा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो. भरतीची तयारी करणारी बरीच मुलं ‘मेडिकलला नंबर नको’ म्हणून लॅसिक करून घेतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी २०२५ मध्ये ९,९७० जागा निघाल्या. या पदाला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते आणि लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. हे लपवताही येत नाही, कारण स्कॅनमध्ये सपाट झालेला कॉर्निया दिसतो.

हवाई दलाच्या काही शाखांना लॅसिक चालतं, पण ते वयाच्या २०व्या वर्षाआधी केलेलं नसावं, त्याला १२ महिने झालेले असावेत आणि कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावा. आता परत गणित करा. जाडी ५३०, नंबर मायनस ६. लेझरमध्ये गेले ८४, उरली एकूण जाडी ४४६. म्हणजे ऑपरेशन उत्तम, नजर ६/६, आणि नोकरी चार मायक्रॉननं गेली. अटी पदानुसार बदलतात, म्हणून दवाखान्यात जाण्याआधी त्या भरतीच्या जाहिरातीतलं वैद्यकीय निकषांचं पान वाचा.

लेझरनं काय बदलत नाही?

मायनस नंबर मोठा असतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच लांबट असतो आणि रेटिना ताणलेला असतो. लॅसिकनंतर चष्मा जातो, पण लांबट डोळा तसाच राहतो. अचानक डोळ्यासमोर विजेसारखे लखलखाट, काळे ठिपके किंवा बाजूनं पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ऑपरेशन झालेलं असो वा नसो.

चाळिशीचा वाचायचा चष्माही टळत नाही. त्याचं कारण कॉर्नियात नसून आतल्या भिंगात असतं. २०२४ मध्ये मुंबईच्या एका औषध कंपनीच्या थेंबांमुळे वाचायचा चष्मा लागणारच नाही अशी हवा झाली होती. मंजुरीत नसलेले दावे केल्याबद्दल केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या सप्टेंबरमध्ये परवानगी स्थगित केली.

मोबाइलचा ताणही लेझरनं जात नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं फुकट आहे. ब्लू लाइट चष्म्यानं डोळ्यांचा थकवा कमी होतो याला मात्र फारसा पुरावा नाही.

पैसे भरण्याआधी

- गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त बदलला का? बदलला असेल तर थांबा.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी किती दिवस बंद ठेवायच्या? सॉफ्ट लेन्स साधारण दोन आठवडे.
- जाडी किती, लेझरमध्ये किती जाणार, खाली किती उरणार? तिन्ही आकडे लिहून मागा.
- टोपोग्राफी आणि अश्रूंची तपासणी झाली का?
- गरोदरपण, स्तनपान, संधिवातासारखे आजार, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यातलं काही असेल तर आधी सांगा.
- ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट फोनमध्ये आणि क्लाउडवर ठेवा. म्हातारपणी मोतीबिंदूचं भिंग ठरवताना ते लागतात.

माझा नंबर गेल्या वर्षी पाऊणनं वाढला, म्हणून मी सध्या चष्म्यावरच आहे. तुमचे आकडे वेगळे असतील. कुठल्या डॉक्टरनं हे आकडे द्यायला टाळाटाळ केली आणि ‘आज बुक केलं तर डिस्काउंट’ असं सांगितलं, तर सरळ दुसरा दवाखाना बघा.