‘शाप की वरदान’ बंद करा

मराठी शाळांत एक निबंध आहे, तो मरत नाही. मी १९८६ साली एसएसएलसीला बसलो तेव्हा त्याचे नाव ‘दूरदर्शन : शाप की वरदान’ होते. थोरल्या भावाच्या वेळी ‘विज्ञान’ होते. आज ‘मोबाइल’ आहे. नाव तेवढे बदलते, आतला मजकूर तोच : पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप, आणि शेवटी नाण्याच्या दोन बाजू किंवा ‘अति तेथे माती’. गाइडवाल्याला नवी आवृत्ती काढायला एक शब्द पुरतो.

वाचकहो, हा निबंध निरुपद्रवी आहे असे आपल्याला वाटते. मला वाटत नाही. गेली तीसेक वर्षे मी सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकवतो आहे, त्यातली काही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत गेली, आणि माझे स्पष्ट मत असे झाले आहे की हा निबंध मुलाला एकच धडा पक्का देतो : मराठीत लिहायचे म्हणजे आपल्याला न वाटलेले लिहायचे. जे खरे वाटते ते मग मूल दुसरीकडे नेते, फोनवर, रोमन अक्षरांत, निम्मे कन्नडमध्ये. आणि आपण व्यासपीठावरून विचारतो, ही पोरे मराठीपासून का दुरावली?

दोन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या आंतरशालेय निबंध स्पर्धेला मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. विषय अर्थातच मोबाइल. शंभरावर वह्यांमध्ये नववीतल्या एका मुलीची वही होती. तिची आई घरी ब्लाऊज शिवते आणि नवे गळे फोनवरचे व्हिडिओ बघून शिकते. व्हिडिओ कधी कन्नड, कधी तमिळ. मुलीने लिहिले होते की आई आवाज बंद करते आणि फक्त हात बघते, कारण बोलणे ऐकले की कात्री चुकते. पुढे तिने लिहिले होते की शेजारणीही आता तेच व्हिडिओ बघतात आणि ‘आम्हीच शिवू’ म्हणतात, म्हणून आईची गिऱ्हाइके कमी झाली. एका पानात तंत्रज्ञान, धंदा, भाषा आणि घरची काळजी. शाप आणि वरदान दोन्ही तिच्याच ओसरीवर बसले होते, तिला ते दोन परिच्छेदांत वेगळे काढायची गरज पडली नव्हती. माझ्या दोघा सहपरीक्षकांनी शेरा दिला : विषयांतर. एक जण म्हणाले, ‘यात भाषा कुठाय सर?’ पहिले बक्षीस ‘आजचे युग हे विज्ञानयुग आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या निबंधाला गेले. दोनास एक मताने.

भाषा कुठाय? मी सांगतो कुठे आहे ते. उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. आयटीआय केलेला, वय बाविसाच्या आसपास. मराठीच्या पेपरात काठावर पास. तो अर्धा तास आपल्या कामाविषयी बोलला. ‘मशीन चुकत नाही सर, टूल झिजतंय. झिजलं की ऑफसेट द्यायला लागतोय. नाही दिला की जॉब रिजेक्ट, आणि रिजेक्ट पडला की नाव ऑपरेटरचं.’ जी-०१ म्हणजे सरळ कापत जा, एम-३० म्हणजे काम संपले, पुन्हा सुरुवातीला ये, हे त्याने चहाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढून मला समजावले. मशीनला एम-३० मिळतो, पण आपल्या कानातला आवाज घरी गेल्यावरही थांबत नाही, असेही म्हणाला. रात्रपाळीत दोन जॉबच्या मधल्या वेळात तो रील बघतो. लक्षात एकही राहत नाही, नुसते डोळे उघडे ठेवायला बघतो, हे त्याचेच निदान. बोलणे सगळे मराठीत. यंत्राचे शब्द इंग्रजी, क्रियापदे आपल्या बेळगावची. दहा वर्षे मराठी शिकून यातले एक वाक्यही कागदावर उतरवायची संधी आपण त्याला दिली नाही.

आता रोमन लिपीविषयी. आपल्याकडे तिच्याबद्दल फार आक्रोश होतो. पोरांना देवनागरीची लाज वाटते, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. कारण जरा समजून घ्या. बटनांच्या फोनचे दिवस होते तेव्हा रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे मावत. देवनागरी वापरली की ७०च, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात. म्हणजे जरा लांब मजकूर झाला की एका निरोपाला दोन-तीन संदेशांचे पैसे. आधीच बऱ्याच फोनवर देवनागरी उमटत नव्हती. रोमनची सवय अशी पैशातून आणि सोयीतून पडली आणि धाकट्यांनी ती थोरल्यांकडून उचलली. लाजेचा त्यात फारसा संबंध नाही. आज ती अडचण उरलेली नाही. २०१७ साली गूगलने बोलून टंकण्याच्या सोयीत मराठी आणि कन्नड एकदमच घेतल्या. त्याही आधीपासून, १९८०च्या दशकापासून, इनस्क्रिप्ट नावाचा सरकारमान्य कळफलक आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि मौज अशी की ज्या कळीवर ‘क’ आहे त्याच कळीवर कन्नडचा ‘ಕ’. एकदा बोटे बसली की दोन्ही भाषा हाती. दुभाषिक जिल्ह्यातल्या पोराला याहून उपयोगाची गोष्ट कोणती? पण आपल्या किती शाळांत ती शिकवली जाते? आपण सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धा घेतो. घ्याव्यात. पण नोकरीचा अर्ज आता कोणी हाताने लिहीत नाही.

तीच गत सिनेमाची. ‘सैराट’ २०१६ साली आला आणि २०१७ साली ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्येही झाला, नायिका तीच, रिंकू राजगुरू. आमच्या पोरांनी दोन्ही बघितले आणि शाळेच्या कट्ट्यावर महिनाभर वाद घातला. २०२२ साली ‘कांतारा’ आला. एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्यातलं कन्नड आमच्या कन्नड पुस्तकातलं नव्हे. किनाऱ्याकडचं आहे. सैराटमधलं मराठी तरी कुठं पुस्तकातलं होतं?’ हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो दहावीतल्या पोराला तिकीट काढून पडला. त्याच पोराने वहीत ‘मी येऊलालोय’ लिहिले तर आपण लाल रेघ मारतो. करमाळ्याकडची बोली पडद्यावर आली की टाळ्या, बेळगावची वहीत आली की गुण वजा. (आणि संध्याकाळी घरी जाऊन आपण बायकोला ‘येऊलालोय’ असेच सांगतो.) प्रमाण मराठी शिकवू नका असे मी म्हणत नाही. सरकारी अर्जाला आणि वर्तमानपत्राला ती लागतेच. पण मुलाला जे सांगायचे आहे ते आधी येऊ द्या, रेघ नंतर मारा.

काही जुने सहकारी मला म्हणतील की हा फोनची वकिली करतो आहे. मुळीच नाही. फोनने झोपा गेलेली पोरे मी रोज पहिल्या तासाला बघतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीत घरचे पैसे घालवलेली पोरेही गावात आहेत. केंद्राने २०२५ साली अशा खेळांविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. पण त्या पोराच्या वहीत काय होते? ‘मोबाइलच्या अतिवापराने डोळ्यांवर परिणाम होतो.’ गाइडमधले वाक्य. ज्याला आपली खरी अडचण मराठीत लिहिता येत नाही, त्याची अडचण आपल्याला कळणार कशी? बापाच्या खात्यातले पैसे गेल्यावर?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे काय व्हायचे ते तिथे होईल. निबंधाचा विषय ठरवायला मात्र ना दिल्लीची परवानगी लागते ना बेंगळुरूची. तो मराठी मंडळांच्या आणि शाळांच्या बैठकीत, चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत ठरतो.

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी कोणत्याही मंडळाने माझ्याकडे यावे, पहिल्या तीन बक्षिसांची रक्कम मी माझ्या खिशातून देईन. विषय असे असतील : ‘आमच्या घरातली रात्रपाळी’, ‘मी फोनवर काल काय बघितले’, ‘दोनदा बघितलेला सिनेमा’, ‘बाबांचे यंत्र’. निबंध देवनागरीत हवा, फोनवर टंकून आणला तरी चालेल. कन्नड शब्द आला तर खाली अर्थ द्यावा. ‘येऊलालोय’ला गुण कापले जाणार नाहीत. आणि ज्या निबंधात नाण्याला दोन बाजू असतील तो परीक्षकांनी वाचू नये.