समुद्र नसलेला कडा

गणपती उठले की आमच्या चौथीच्या वर्गाला सहलीचे वेध लागतात. यंदा जुन्नरहून आपटाळे, घाटघर करत आम्ही नाणेघाट गाठला. तिथं रस्ता संपतो अन् जमीनही संपते! खाली थेट कोकण. त्यावर पांढरंशुभ्र धुकं असं पसरलेलं, की एकानं विचारलंच, "बाई, हाच का समुद्र?"

समुद्र इथून बराच लांब. पण या घाटाला मोठेपण आलं ते समुद्रामुळंच. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपारा या बंदरांत गलबतं लागत. तिथला माल हा घाट चढून जुन्नरला येई. पार ग्रीसकडचे लोकही इकडं येत. त्यांना आपल्याकडे 'यवन' म्हणत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिली, असा लेख जुन्नरच्या लेण्यांत आजही आहे.

घाटाच्या वाटेवर एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दानाची यादी. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे नाणी! गंमत अशी, की त्या आकड्यांत शून्यच नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा.

"मग बाई, तेव्हा कुणाला शून्य मार्क पडतच नसतील!" मागून आवाज आला. (हा गणितातला आमचा नेहमीचा गिऱ्हाईक.)

वर येऊन जकातीचा दगडी रांजण पाहिला आणि नानाच्या अंगठ्याकडे निघालो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, आणि पुढं उभा तुटलेला कडा. पावसाळ्यात इथला वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो. मी खाली बघण्यात रंगले आणि हातातला हात सुटला. तेवढ्यात त्या पोराची टोपी उडाली. तो धावला!

"खाली बस!" मी किंचाळले. तो मटकन बसला. कड्यापासून चार पावलांवर. टोपी मात्र वाऱ्यानं परत आणून आमच्या मागं गवतात टाकली. त्याला मी रागावले नाही. चूक माझी होती. पुढं दिवसभर त्याचं मनगट सोडलं नाही.

परतताना एसटीत तो हळूच म्हणाला, "बाई, त्या इरिललाही इथं भीती वाटली असंल का?"

"वाटली असणार रे. तो तर बोटीतून आलेला, आणि समोर एवढा डोंगर!"

"पण त्याला धरायला कुणी बाई होत्या का?"