कर्ज मिळालें म्हणजे घर निर्वेध झालें काय?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी टिटवाळा सोडून पुढें निघाली कीं भातसा नदीच्या आसऱ्यानें वसलेलें खडवली लागतें. ठाण्या-डोंबिवलीस जागेचे दर आवाक्याबाहेर गेलेल्या कुटुंबांची दृष्टि आतां अशा गांवांकडे वळूं लागली आहे, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. मोकळी हवा, जवळ नदी आणि नोकरीच्या ठिकाणीं नेणारी आगगाडी असली म्हणजे गृहस्थाला आणखी काय पाहिजे? मात्र खरेदीची वेळ आली कीं सुशिक्षित माणसांच्याहि तोंडून एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "अहो, बँकेनें कर्ज मंजूर केलें आहे; तेव्हां कागदपत्रें बरोबरच असलीं पाहिजेत." आज आम्हांला या एका वाक्याचा परामर्श घ्यावयाचा आहे, कारण तें अर्धें खरें आहे, आणि माणूस निखळ असत्यापेक्षां अर्ध्या सत्यानेंच अधिक फसतो.

बँक कागद तपासते, यांत शंका नाहीं. पण तपासणारा वकील बँकेचा असतो आणि त्याच्यापुढें प्रश्नहि बँकेचाच असतो: दिलेला पैसा परत येईल ना? त्या पैशासाठीं बँकेजवळ केवळ घराचेंच तारण नसतें. कर्जदाराचा पगार असतो, सहकर्जदाराची सही असते, प्रसंगीं जामीनहि असतो. घर घेणाऱ्याजवळ मात्र त्या घराखेरीज दुसरें कांहीं नसतें. शिवाय कर्ज हें व्यक्तिशः फेडावयाचें ऋण आहे. घर गेलें म्हणून हप्ता थांबत नाहीं.

याचा दाखला शोधण्यासाठीं दूर जावयास नको. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारें महारेराची नोंदणीहि मिळवून डोंबिवली परिसरांत ६५ इमारती उभ्या राहिल्या. २०२४ च्या नोव्हेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घर घेतलेल्या कित्येक कुटुंबांनीं बँकांचीं कर्जें काढलेलीं होतीं. म्हणजे कर्ज होतें, नोंदणीक्रमांकहि होता. नव्हती ती एकच गोष्ट, खरी परवानगी. यावरून बोध घ्यावयाचा तो इतकाच कीं, परवानगीचा कागद विकणाऱ्याच्या हातीं पाहून भागत नाहीं. ज्या कचेरीनें ती दिली म्हणतात त्या कचेरीच्या दप्तरीं ती आहे किंवा नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

खडवली महापालिकेच्या हद्दीबाहेरचें गांव आहे. म्हणून तेथें ही दक्षता अधिकच लागते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती असते. ती बांधकामाची परवानगीहि नव्हे आणि मालकीचा लेखहि नव्हे. सातबाराचेंहि तसेंच आहे. तो महसुलाचा दाखला होय. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि तो वाचतां आला पाहिजे, कारण जमिनीचा पूर्वेतिहास त्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत व जुन्या फेरफारांत दडलेला असतो. ही जमीन १९४८ च्या कुळकायद्यानें कुळाला मिळालेली आहे काय? असल्यास तिच्या विक्रीवर त्या कायद्याच्या कलम ४३ चे निर्बंध येतात. मूळ खातेदार आदिवासी होता काय? असल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणें बिगर-आदिवासीकडे हस्तांतर होण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीवर घर बांधण्याचा अधिकार कसा आला, हेंहि विचारावें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. तो मोडूं नये.

आतां गहाणाकडे वळूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यांत गहाणाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकीं गृहकर्जांत नेहमीं आढळणारा प्रकार म्हणजे हक्कलेख ठेवून केलेलें गहाण. यांत गहाणखत लिहून त्याची नोंदणी करण्याची गरज नसते. तारणाच्या हेतूनें मूळ दस्त बँकेच्या स्वाधीन केला कीं गहाण पुरें होतें. या सोयींतच धोका आहे. विकणाऱ्यानें आपलें घर असें गहाण टाकलें असेल, तर त्याची खूण भिंतीवर उमटत नाहीं. महाराष्ट्रांत २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. परंतु त्यापूर्वींचीं गहाणें तेथल्या पुस्तकांत आढळतीलच असें नाहीं. म्हणून आमचा आग्रह असा कीं, मूळ दस्त स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा. नक्कल कितीहि स्वच्छ असली तरी ती नक्कलच. "मूळ कागद सांपडत नाहींत" असें उत्तर आलें, तर ते एखाद्या बँकेच्या तिजोरींत नाहींत ना, असा संशय धरण्यांत पाप नाहीं.

जुनें घर बोजासह विकत घेतां येतें. त्यांत भिण्याचें कारण नाहीं. मात्र विकणाऱ्याच्या बँकेकडून बाकी रकमेचें पत्र घ्यावें, तेवढा पैसा त्या बँकेच्याच कर्जखात्यांत भरावा, आणि मूळ दस्त व बोजामुक्तीचा लेख हातीं येण्याची तजवीज इसार देण्यापूर्वींच लेखी करून ठेवावी. नवीन इमारत असल्यास बिल्डरनें संपूर्ण प्रकल्प गहाण टाकला आहे काय तें पाहावें, आणि असल्यास आपल्या जागेपुरतें त्या बँकेचें ना-हरकत पत्र मागावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें करारनामा नोंदविल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई केली आहे. तेव्हां त्याहून अधिक मागणारा मनुष्य कितीहि गोड बोलला तरी कायदा मोडीत आहे, हें ध्यानीं ठेवावें. कुलमुखत्यारपत्रावर घर "विकणारे" तर दूरच ठेवावेत. अशा कागदानें मालकी जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसंबंधीं दोन शब्द स्वतंत्रपणें लिहिणें अवश्य वाटतें. घरांतल्या वडील माणसानें सही केली म्हणजे सर्वांची झाली, अशी आपली समजूत असते. १८५६ सालीं, अल्पवयीन वारसाच्या मिळकतीवर काढलेल्या कर्जाच्या खटल्यांत, प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं कारभाऱ्याचा असा अधिकार गरजेपुरता व मिळकतीच्या हितापुरताच असतो, आणि पैसा देणाऱ्यानेंहि त्या गरजेची वाजवी चौकशी केली पाहिजे. आज त्यांत लेकींच्या हक्काची भर पडली आहे. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायाद झाली, आणि त्यासाठीं त्या वेळीं वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. तेव्हां वडिलोपार्जित घर विकणाऱ्या भावांनीं "बहिणींचें लग्न झालें, त्यांचा काय संबंध?" असें म्हटल्यास घेणाऱ्यानें तेथेंच थांबावें. बहिणी दस्तावर सही करोत, अथवा त्यांचें नोंदलेलें हक्कसोडपत्र असो. आणि घर घेतांनाहि हाच न्याय आपल्या घरीं लावावा. सून सहकर्जदार म्हणून हप्त्यांना बांधली जात असेल, तर खरेदीखतावरहि तिचें नांव असावें. ऋण दोघांचें आणि घर एकाचें, ही वांटणी न्यायाची नव्हे.

कर्ज फिटल्यावरहि एक काम उरतें. ठेवलेले मूळ दस्त परत आणणें. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांच्या आंत ते परत केले पाहिजेत. बँकेच्या कारणानें उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेतांना यादीशीं ताडून घ्यावेत आणि बोजाची नोंद उतरल्याची खात्री करावी.

हें सारें एकट्यानें करावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण वकील आपला असावा. बिल्डरनें सुचविलेला नव्हे, बँकेनें नेमलेलाहि नव्हे. त्याची भेट इसार देण्याच्या आधीं घ्यावी, नंतर नव्हे. आणि मालकींतील दोषामुळें व्यवहार फिसकटल्यास इसार परत मिळेल, असें कलम पावतींत घालावें. त्याच्या फीचा खर्च डोळ्यांत भरतो खरा. परंतु ज्या घराचा हप्ता पंधरा-वीस वर्षें फेडावयाचा, ज्यांत आईवडिलांचें म्हातारपण आणि मुलांचें बाळपण जावयाचें, त्याच्या पायाखालची जमीन कोणाची हें आधीं पाहून घेण्यास तो खर्च फार नव्हे.