अंगठा कुणी पुसला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी 'छायाचित्र कसे वाचावे' अशी एक दिवसाची कार्यशाळा झाली. शिकवणारे गृहस्थ छायाचित्रकलेतले जाणकार होते. त्यांनी पडद्यावर एक जगप्रसिद्ध चित्र लावले. कपाळाला आठ्या पडलेली एक बाई, हात गालाशी, मांडीवर तान्हे मूल. दोन्ही खांद्यांना बिलगलेली दोन मुले, पण त्यांनी तोंडे फिरवलेली. "काय दिसते?" सरांनी विचारले. कुणी म्हणाले वेदना, कुणी मातृत्व, कुणी धीर. मी "असहायता" म्हणाले. सर खूश झाले. मग चित्रातला त्रिकोण, ख्रिस्ती परंपरेतली बाळ घेतलेली मेरी, छायाचित्रकलेच्या चळवळी असे पुष्कळ सांगून झाले. चहाच्या वेळी मी विचारले, "सर, ह्या बाईचे नाव काय?" ते म्हणाले, "नावाला काय महत्त्व? ती व्यक्ती नाही, प्रतीक आहे."

मैत्रिणींनो, त्या उत्तराशी माझे भांडण आहे. त्या सरांशी नाही. ते बिचारे पुस्तकात वाचले तेच सांगत होते.

चित्र डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ काढले. वाटाण्याचे पीक गारठ्याने गेले होते आणि तोडणीला आलेले मजूर तिथेच अडकून पडले होते. लँग सरकारच्या पुनर्वसन खात्याच्या नोकरीत होती. तिने काही मिनिटांत मोजकीच चित्रे घेतली आणि निघून गेली. नाव विचारले नाही, हे तिने स्वतःच पुढे १९६० मध्ये लिहून ठेवले. नोंद झाली ती 'सात मुलांची आई, वय बत्तीस' एवढीच. गाडीची चाके विकून ह्यांनी अन्न घेतले, असेही तिने लिहिले. घरच्यांनी पुढे ते साफ नाकारले. त्यांच्या सांगण्यानुसार गाडी वाटेत बिघडली होती, पुरुषमाणूस आणि मोठी मुले दुरुस्तीसाठी गावात गेली होती, आणि आई त्यांची वाट पाहत तंबू टाकून बसली होती. गाडी दुरुस्त झाली आणि ते त्याच चाकांवर पुढे गेले.

बाईचे नाव जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, मोडेस्टो गावच्या वृत्तपत्रामुळे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. चेरोकी आदिवासी. तोवर सगळ्या अमेरिकेने तिला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजून हळहळ केली होती. चेरोकी म्हणून ओळख असती तर तेवढीच हळहळ झाली असती का, हा प्रश्न निदान आपल्यासारख्यांनी तरी विचारावा. चित्र काढले नसते तर बरे झाले असते, ह्यातून मला एक पैसाही मिळाला नाही, असे ती म्हणाली.

पुढची गोष्ट कार्यशाळेत कुणी सांगितली नाही. फ्लॉरेन्सने म्हातारपणी मुलाखतीत सांगितले, की ती दिवसाला साडेचारशे-पाचशे पौंड कापूस वेचायची आणि तिचे स्वतःचे वजन शंभर पौंडही नव्हते. म्हणजे दोनशे किलोच्या वर. विदर्भात किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या आपल्या बायांना विचारा ह्या आकड्याचा अर्थ. तिने शेतात राबून झाल्यावर इस्पितळात काम केले, दारूच्या गुत्त्यात काम केले, स्वयंपाक केला, दहा मुले वाढवली. आणि चित्रात काय? हात रिकामे, एक गालाशी. कामगार बाई बसलेली दिसली, की आपल्याला ती लगेच फक्त आई दिसते. हे वाचन नव्हे. हे आपणच आधी भरून ठेवलेले आहे.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबापाशी, फ्लॉरेन्सचा अंगठा होता. काही वर्षांनी लँगने मूळ निगेटिव्हमधून तो घासून काढवला. रचनेत खटकत होता म्हणून. 'आहे तसे दाखवणे' हाच ज्या शैलीचा दावा, तिच्यातच! मला हे वाचून हसू आले, मग राग आला. आमच्या कार्यालयात संमतीपत्रावर बायकांचा अंगठाच तर घेतात. फ्लॉरेन्सचा कुणी मागितलाही नाही, आणि होता तोही पुसला.

छायाचित्रकलेचा इतिहास चळवळींचा म्हणून सांगतात. आधी धूसर, रंगचित्रासारखी चित्रे काढणारे आले; मग १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लख्ख, रेखीव चित्राचा आग्रह धरणारा गट निघाला; मग सरकारी खात्यांतली वास्तववादी मंडळी. शैली बदलत गेल्या, चित्राखालची ओळ तीच राहिली. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनचे उदाहरण घ्या. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तिने टेनिसन, हर्शेल, डार्विन ह्यांची व्यक्तिचित्रे घेतली, ती त्यांच्या नावांनी. घरातली मोलकरीण मेरी हिलियर मात्र पुन्हा पुन्हा येशूची आई म्हणून उभी राहिली. कॅमेरॉनच्या भाचीला, जूलिया जॅक्सनला, स्वतःचे नाव मिळाले. म्हणजे प्रश्न नुसता बाईपणाचा नाही. मालकिणीच्या घरची बाई आणि कामाची बाई, ह्यांतला आहे. कॅमेरा बाईच्याच हातात होता. लँगच्याही बाबतीत तेच. फोटो काढणारी बाई असली म्हणून नजर आपोआप वेगळी होते, ही भाबडी समजूत आपण सोडून द्यावी.

आणि हे सगळे तिकडचेच आहे असेही नाही. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांचे दोन ग्रंथ काढले. माणसे जातीनुसार लावलेली, खाली जातीचे नाव, आणि पाठीमागे दुसऱ्याच फोटोतला देखावा चिकटवलेला. त्या माणसांपैकी कुणाचे नाव काय होते, हे त्या पानांवरून कळत नाही.

आता माझी कबुली. एम.एस.डब्ल्यू. होऊन नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. रेशन कार्डाच्या कामासाठी वस्तीतल्या बाया कार्यालयाबाहेर उन्हात थांबल्या होत्या. त्यांतली एक मुलाला मांडीवर घेऊन, हात गालाला लावून बसली होती. मी मोबाइलने फोटो काढला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तो आला, खाली शब्द 'प्रतीक्षा'. निधी देणाऱ्यांना फार आवडला. बाईंनी तो दोन महिन्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हा तर माझ्या दाढेचा फोटो. त्या दिवशी दाढ ठणकत होती." आम्ही सगळ्या हसलो. त्या हसल्या नाहीत. अहवाल शाळेतही वाटला होता. त्यांच्या मुलीला वर्गातली मुले भिकारणीची मुलगी म्हणू लागली होती. ह्या बाई वस्तीच्या बचत गटाच्या खजिनदार. त्या दिवशीही मांडीखाली गटाचे पासबुक होते. ते फोटोत आले नाही. मला दिसलेही नव्हते.

ह्यावर माझे सहकारी जे म्हणतात ते ठाऊक आहे. अशा चित्रांमुळेच मदत येते. खोटे नाही. निपोमोचे चित्र छापून आल्यावर छावणीला वीस हजार पौंड अन्न मिळाले. पण फ्लॉरेन्स आणि तिची मुले तोवर तिथून निघून गेली होती. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांना लोकांपुढे हात पसरावा लागला. पस्तीस हजार डॉलरांवर देणग्या आल्या, पत्रे आली, आणि ज्या चित्राची लाज वाटायची त्याचा मुलांना अभिमान वाटू लागला. हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी ती गेली. १९९८ मध्ये लँगच्या हातची एक प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला विकली गेली.

तेव्हा मला 'चेहऱ्यावरची वेदना' वाचायला शिकवू नका. हा फोटो कुणी, कुणाच्या पगारावर, कुणासाठी काढला, हे विचारायला शिकवा. समोरचीला प्रत मिळाली का? खालची ओळ तिला वाचून दाखवली का? नाव नको असेल, आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत बहुतेकदा नकोच असते, तर तो निर्णय तिचा की आपला? मला तर वाटते, की ह्या प्रश्नांशिवाय केलेले रसग्रहण म्हणजे चोरीच्या मालाची तारीफ. शब्द कडक आहे, पण मी तो मागे घेत नाही.

यंदाच्या अहवालासाठी मी त्या खजिनदार बाईंकडे गेले. म्हणाल्या, फोटो काढा, पण पासबुक उघडे धरून, आणि खाली नाव नि पद दोन्ही हवे. काढला. चेहरा कडक आला आहे, डोळे थेट कॅमेऱ्यात. आमच्या कार्यकारिणीतल्या दोघांचे म्हणणे पडले, की ह्यात 'भावना' नाही, निधीवर परिणाम होईल. मुखपृष्ठाचा निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. बाई स्वतः येणार आहेत. मी त्यांना वेळ कळवली आहे.