गावाचा दवाखाना कोणाचा?

सार्वजनिक आरोग्य हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे सोपवला आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली आणि आरोग्य, स्वच्छता, प्राथमिक आरोग्य केंद्रे हे विषय पंचायतींना देता येतील, असे ठरले. खरी मेख ‘देता येतील’ या दोन शब्दांत आहे. कारण देणे न देणे राज्याच्या मर्जीवर राहिले.

केरळने १९९६ साली ही मर्जी दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींच्या हाती आली आणि राज्याच्या योजनाखर्चाचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे वळला. दवाखान्याचे छप्पर गळू लागले, तर पंचायतीच्या दारातच जाब विचारता येऊ लागला. डॉक्टरांचे वेतन मात्र राज्यच देत राहिले. साहजिकच, डॉक्टर नेमके कोणाचे ऐकणार, यावरून कुरबुरीही झाल्या.

म्हणून सर्वच अधिकार गावाकडे द्यावेत, असे मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये कोझिकोड परिसरात निपाहची साथ आली, तेव्हा निदानाच्या खात्रीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची मदत लागली. विषाणू गावाची वेस ओळखत नाही. तपासणी, लसी आणि विलगीकरणाचे नियम राज्याने व केंद्रानेच पाहावेत. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी दूषित आहे आणि दवाखाना कोणत्या वेळी बंद असतो, हे गावाला आधी कळते. तेथे निर्णय गावाचा असावा आणि त्यासाठी लागणारा पैसाही गावाच्या हाती असावा.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावाच्या आरोग्य समितीसाठी वर्षाला दहा हजार रुपयांची तरतूद केली. त्या रकमेत फार तर विहिरीचा ओटा दुरुस्त होईल. गटाराचे काम पुढच्या वर्षावर जाईल.