छिद्राहून मोठी फट

गेल्या महिन्यात या सदरात आपण सूचिछिद्र कॅमेऱ्याची, म्हणजे भिंगाऐवजी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असलेल्या काळ्या डब्याची ओळख करून घेतली. डबा करणे सोपे आहे; रिकामी खोकी जिंतूरच्या बाजारपेठेत कोणत्याही दुकानी मिळतात. खरा कस लागतो तो फिल्म ठेवण्याच्या चपट्या पेटीत, म्हणजे फिल्म होल्डरमध्ये. तयार होल्डर सहजी मिळत नाही. घरी मात्र तो करता येतो. त्यामागचा हिशेब आधी समजून घ्यावा.

छिद्रापासून फिल्म १०० मिलिमीटर दूर असेल, तर छिद्राचा व्यास साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. त्याचे क्षेत्रफळ होते अवघे ०.१३ चौरस मिलिमीटर. आता होल्डरच्या सांध्यात एक दशांश मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब अशी फट राहिली असे समजा. तिचे क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटर, म्हणजे छिद्राच्या सुमारे १५ पट! २५ मिलिमीटर व्यासाच्या भिंगापुढे हीच फट अर्ध्या टक्क्यालाही पुरत नाही. शिवाय छिद्र काही सेकंदच उघडे असते. फट मात्र होल्डर उन्हात असेपर्यंत उघडीच राहते. खर्चाच्या बाजूची ही गळती जमेहून मोठी आहे, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रकाश सरळ रेषेत जातो. नेमगिरीच्या गुहेत लहान दारातून वाकून आत शिरावे आणि जरा वळावे, की दाराचा उजेड मागे राहतो. होल्डरचे तत्त्व हेच. फट नुसती बुजवण्यापेक्षा तिला वळणे द्यावीत आणि वळणाच्या भिंती काळ्या ठेवाव्यात.

४ × ५ इंची फिल्मसाठी २ मिलिमीटर जाडीचा बाइंडिंगचा पुठ्ठा १३२ × १६५ मिलिमीटर मापाने कापून तळाला घ्यावा. त्यावर पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे थर तीन बाजूंनी चढवावेत. चौथी, आखूड बाजू तोंड म्हणून मोकळी ठेवावी. पहिल्या थराच्या पट्ट्या १४ मिलिमीटर रुंद. त्यांच्यामध्ये फिल्म बसते. दुसऱ्या थराच्या १७ मिलिमीटर. त्यांचा आत आलेला काठ फिल्मची कड दाबून धरतो. तिसऱ्या थराच्या १० मिलिमीटर. त्यांच्यामध्ये झाकणाची सरकती पट्टी धावते. सर्वांत वर पुन्हा १७ मिलिमीटरची चौकट, तोंडाशी मात्र २४ मिलिमीटरची. अशा रीतीने सरकत्या पट्टीची कड दोन्ही अंगांनी झाकली जाते आणि प्रकाशाला वळणे घ्यावी लागतात. तोंडाशी वर आणि खाली मखमलीची एकेक पट्टी समोरासमोर चिकटवावी. झाकण बाहेर ओढले तरी मखमल मिटून वाट बंद करते. आतला भाग चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवावा.

चिकटवण्यासाठी पारंपरिक सरस घेऊ नये. तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो. कृत्रिम डिंक उत्तम काम देतो. मखमलही रेशमी नको, सुती चालते. झाकणासाठी घेतलेला काळा पुठ्ठा अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या बत्तीसमोर धरून पाहावा. काळा दिसतो म्हणून तो अपारदर्शक असतोच असे नाही. झाकणाच्या मुठीला एका अंगाने पांढरा आणि दुसऱ्या अंगाने काळा कागद लावावा. पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. छायाचित्रकारांचा हा जुना संकेत रोजकीर्दीइतकाच उपयोगी आहे.

फोटोचा कृष्णधवल कागद लाल दिव्यात भरता येतो. फिल्म मात्र पूर्ण अंधारात, केवळ स्पर्शाने भरावी लागते. फिल्म उभी धरून कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, की रासायनिक थर आपल्याकडे आहे असे समजावे. या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा कोरी फिल्म कडेची छिद्रे न पाडलेली येत असे. दादरच्या घरी अंधाऱ्या खोलीत ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हे कष्टही आहेत.

होल्डर तयार झाला की त्याची तपासणी करावी. आत फोटोचा कागद भरून, झाकण बंद ठेवून, होल्डर अर्धा तास उन्हात सर्व बाजूंनी फिरवावा आणि मग कागद धुवावा. तो पांढराच राहिला तर काम चोख झाले. काळी रेघ उमटली तर ती रेघच फटीची जागा दाखवते.

एक गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. फिल्म आणि फोटोचा कागद या दोहोंवरील थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. पुठ्ठा, डिंक व मखमल यांत आपण पर्याय शोधू शकलो. येथे तो तितका सोपा नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली निळ्या छायाचित्रांची पद्धत जिलेटिनविना चालते. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदावर लावतात आणि चित्र साध्या पाण्याने धुतात. पण हा कागद फार मंद असतो. सूचिछिद्रातून त्यावर चित्र उमटण्यास कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस ऊन लागते. आणि कागद मंद झाला, तरी फट व छिद्र यांचे प्रमाण तेच राहते. म्हणून होल्डर तितकाच निर्दोष हवा.

कोणता मार्ग घ्यावा, हे प्रत्येक घराने मुलांसह बसून ठरवावे. होल्डर दोन्ही मार्गांना लागतो, तेव्हा सुट्टीत प्रारंभ तेथूनच व्हावा. निळा कागद घरी कसा तयार करावा, ते पुढील अंकी पाहू.