खडशी कोणाला ठाऊक आहे?

परदेशी ललितगद्यातील डोंगरओढ्यावरची ट्राऊटची शिकार आपण वर्गात मोठ्या रसिकतेने शिकवतो. खंडाळ्याच्या माझ्या वर्गात परवा विचारले, 'आपल्या नीरेतल्या माशांची नावे सांगा.' पहिले उत्तर आले, 'चिलापी!' म्हणजे मूळचा आफ्रिकेतला तिलापिया. खडशी, म्हणजे आपला महसीर, एकालाही ठाऊक नव्हती.

कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली. मुळा-मुठेतील या माशाला त्यांनी 'खुद्री' हे इथल्याच लोकांच्या तोंडचे नाव शास्त्रीय म्हणून दिले. कोलस, नुक्ता हीही तशीच. लॅटिनने आपली बोली सांभाळली आणि बोलीचे गोडवे गाणारे आपण ती विसरलो, हे मला लाजिरवाणे वाटते. (परिसंवाद तेवढे नियमित होतात.)

अशी नावे गळ टाकणाऱ्याच्या तोंडी टिकतात. डोहातला मासा कोणता, पहिल्या पुराला चढणीवर आलेला कोणता, हे त्याला ओळखावेच लागते. भाटघर, वीर या धरणांनी चढण अडवली आणि तो माणूसही गळ गुंडाळून बसला.

यंदा बोलीच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना नीरेकाठच्या भोयांकडे पाठवणार आहे. खडशी हाती लागली नाही तरी चालेल, तिची नावे घेऊन या, असे सांगितले आहे.